पॉलिशनंतर उरलेल्या रेघा

[दृश्य: काळ्या गाडीचं बॉनेट, आधी शेडमध्ये, मग उन्हात]

काळ्या गाडीचं बॉनेट नुकतंच मशीनने पॉलिश झालंय. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली त्यात वरचे पत्रे लख्ख दिसतात. गाडी उन्हात आणली, आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांचं जाळं उमटलं. आपण एक पाऊल बाजूला सरकलो, तर धुरकट पट्टेही आपल्यासोबत सरकले.

गॅरेजमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं, “अजून एक हात मारू.” पण रेघ कशाने पडली हे कळल्याशिवाय हात मारण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक हातासोबत वरचा थर थोडा जातोच.

हा थर फार नाही. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं. त्यात क्लिअर कोट 35 ते 50. ऊन अडवणारी द्रव्यं याच वरच्या थरात असतात. तो फार घासला गेला तर आज चकाकी येते आणि काही वर्षांनी छपरावर, बॉनेटवर पापुद्रे सुटायला लागतात. थिकनेस गेज, म्हणजे जाडी मोजायचं यंत्र, सगळ्या थरांची बेरीज दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची जाडी नाही. आकडा 80 च्या आसपास आला तर हात आखडता घ्या. एखाद्या पॅनलवर 250 च्या वर गेला तर तो बहुधा पुन्हा रंगवलेला आहे. साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथे अंदाजानेच आणि जपून काम करावं लागतं.

[दृश्य: बाकीचे दिवे बंद, एकच टॉर्च पॅनलवर तिरपा]

आता रेघा बघू. शेडमधले सगळे दिवे बंद करून एकच एलईडी टॉर्च तिरपा धरा. चारही बाजूंनी पसरलेल्या उजेडात या रेघा लपतात, एकाच बिंदूतून आलेल्या उजेडात दिसतात. टॉर्चभोवती जी वर्तुळं दिसतात ती खरं तर वर्तुळं नसतात. ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात; त्यातले जे प्रकाशाला आडवे आहेत तेच चमकतात, म्हणून जाळं गोल भासतं.

एका ओळीत वळणं घेत जाणारे, प्रकाशासोबत हलणारे पट्टे म्हणजे होलोग्राम. ही रोटरी मशीनची खूण. रोटरीचं पॅड एकाच दिशेने फिरतं. लोकरीचं पॅड तिरपं धरलं की त्याची कड सगळीकडे सारख्याच रेघा ओढते. सगळीकडे सारखा दुधी धुरकटपणा असेल, तर फिरता फिरता हेलकावणाऱ्या पॅडच्या ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर कडक पॅड किंवा भारी कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) वापरून काम तिथेच थांबवलेलं असतं. सुटी, गुंडाळलेल्या शेपटीसारखी रेघ दिसली तर पॅडखाली खडा अडकला होता. सरळ, आखूड, विस्कटलेल्या रेघा मशीनच्या नसतातच. त्या फडक्याच्या असतात.

नख फिरवून पाहा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे. तो काढायचा नाद सोडावा. आपलं काम फक्त नखाला न जाणवणाऱ्या रेघांशी आहे.

सुरुवात पुसण्यापासून. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं आणि भराव असतो, तो रेघा तात्पुरता बुजवतो. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग डिस्टिल्ड पाणी स्प्रे करून मऊ मायक्रोफायबरने पुसा, म्हणजे खरा पृष्ठभाग उघडा पडेल. ताज्या रंगकामावर हे वापरू नका. धूळ किंवा खरखरीतपणा असेल तर गाडी धुऊन, भरपूर लुब्रिकंट (घसरण देणारं द्रव) घेऊन क्ले, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारा मातीसारखा गोळा, फिरवा. कडा, अक्षरं आणि काळं प्लास्टिक मास्किंग टेपने झाका. कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा जोर तिथेच येतो.

[दृश्य: बॉनेटवर टेपने आखलेला चौकोन]

आता दीड फूट बाय दीड फूट चौकोन आखून फक्त तेवढ्यावर प्रयोग करा. सगळ्यात मऊ फिनिशिंग फोम पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश, मशीन ड्युअल अ‍ॅक्शन. होलोग्राम रोटरीने काढता येतात, पण त्यासाठी हात फार तयार हवा; ड्युअल अ‍ॅक्शनचं पॅड फिरता फिरता हेलकावतं, त्यामुळे एकाच दिशेची रेघ पडत नाही. या रेघांवर मी म्हणेन, तेच मशीन घ्या.

नव्या पॅडच्या तोंडावर पॉलिश पातळ पसरून घ्या, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. आधी मशीन बंद ठेवून किंवा सगळ्यात कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग सहापैकी तीन किंवा चार नंबर. पहिले दोन-तीन हात हलक्या दाबाने, शेवटचे दोन फक्त मशीनच्या वजनावर. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकावा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढावा. पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. ती फिरायची थांबली म्हणजे दाब जास्त झाला किंवा मशीन तिरपं झालं.

पुसा, अल्कोहोलचं मिश्रण मारा, टॉर्च धरा. रेघा गेल्या तर तीच जोडी सगळ्या गाडीवर. उरल्या तर आधी त्याच पॅडवर जरा कडक पॉलिश घेऊन पाहा, मग पॅड एक पायरी कडक करा. एक पायरी चढलात तर पुन्हा मऊ जोडीने शेवट करावाच लागतो. बहुतेक कामं इथेच बिघडतात. कापणारं पॅड चमक आणतं, म्हणून माणूस तिथेच समाधान मानतो.

पॉलिशचा स्वभावही माहीत हवा. काहींचे कण काम करता करता झिजून बारीक होतात; ती अर्ध्यावर सोडली तर जाडे कणच रेघा ठेवून जातात. काहींचे कण आधीपासूनच बारीक असतात, त्यांना फार वेळ घासून फायदा नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा.

एप्रिल-मेच्या दुपारी हे काम काढू नका. पत्रा हाताला चटका देत असेल तर पॉलिश वाळून पूड होतं आणि तीच पूड ओरखडे काढते. बंपरचं प्लास्टिक उष्णता पुढे नेत नाही, तिथे हात थांबला की रंग जळतो. दर पॅनलनंतर ब्रशने किंवा हवेने पॅड साफ करा, आणि पॅड गाडीच्या रंगाचं झालं तर त्याच क्षणी थांबा: क्लिअर कोट संपलाय. याला अपवाद फक्त क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्यांचा.

मऊ रंगावर सगळं नीट करूनही रेघा परत येतात, आणि दोष फडक्याचा निघतो. 350 ते 400 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), कड शिवलेली नसलेला, लेबल काढलेला टॉवेल घ्या. फॅब्रिक सॉफ्टनर घालून धुतलेला नको, जमिनीवर पडलेला तर नकोच. कोरड्या अवशेषावर जोर देण्यापेक्षा थोडा स्प्रे मारून हलक्या हाताने उचला.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट. आणि रोज सकाळी गाडी पुसायला येणाऱ्याला कोरडं फडकं मारू देऊ नका. धूळ पाण्याने सोडवून, शाम्पूच्या आणि साध्या पाण्याच्या वेगळ्या बादल्यांनीच धुवायला सांगा. पहिल्या दोन-तीन धुण्यांनंतर गाडी पुन्हा उन्हात बघा. होलोग्राम परत दिसले तर ते नव्याने पडलेले नाहीत, भरावाखाली राहिलेले आहेत. तेवढेच पॅनल मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने पुन्हा करा.