अंगात जीव नाही म्हणजे नक्की काय नाही? औंधच्या पायऱ्यांवरून थोडा इतिहास

[यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या. सकाळ. वारा आहे, माईक कॉलरला लावलेला.]

नमस्कार मंडळी. मागं दिसतोय तो औंधचा डोंगर. खटाव तालुका, जिल्हा सातारा. वर मूळपीठ यमाई. आज इथं का आलोय ते शेवटाकडं कळेल, आधी आमच्या आजीचं सांगते.

गेल्या वर्षी आजी एकदम गळून गेली. सकाळी उठून तुळशीला पाणी घालणारी बाई, ती भिंतीला टेकून बसून राहायला लागली. विचारलं की एकच, "अंगात जीवच नाही गं." दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, ईसीजी सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, वयोमानानं होतं. रिक्षात बसल्यावर आजी म्हणाली, "रिपोर्ट नॉर्मल असतील. मी नाही."

आता हा "जीव" बघा. आपण जीव ओततो, जीव लावतो, जीव टाकतो, पोरगं वेळेवर घरी आलं की जीवात जीव येतो. म्हणजे शरीर ही एक वस्तू आणि त्याला चालवणारं आत दुसरं काहीतरी, हे आपण धरूनच बोलतो. युरोपात याच कल्पनेवर अडीचशे-तीनशे वर्षं कडाक्याची भांडणं झाली. तिला तिकडं व्हायटॅलिझम म्हणतात, आपण चैतन्यवाद म्हणू.

सुरुवात हिप्पोक्रेटिसपासून करायची पद्धत आहे. इसवी सनापूर्वी पाचवं शतक, ग्रीसचं कॉस बेट, आणि शरीर स्वतःच स्वतःला बरं करतं, वैद्यानं त्याला हात द्यायचा, ही शिकवण. ठीक आहे. पण मला थेट ब्रुसेल्सच्या एका माणसाकडं जायचंय, कारण तो मला फार आवडतो.

यान बाप्टिस्ट व्हान हेलमाँट. जन्म १५८०, मृत्यू १६४४. यानं काय केलं, तर एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती घेतली, म्हणजे साधारण ९० किलो. त्यात ५ पौंडांचं विलो झाडाचं रोप लावलं. वरून धूळ पडू नये म्हणून कुंडीला भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण. आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड उपटून वजन केलं, तर १६९ पौंड आणि वर काही औंस! माती पुन्हा वाळवून तोलली, ती घटली होती जेमतेम दोन औंस. म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम.

ऊस लावणाऱ्या घरातल्या माणसाला हा हिशेब लगेच भिडतो. एवढं टनानं वजन येतं कुठून? माती तर जागच्या जागी आहे. हेलमाँट म्हणाला, पाण्यातून. चुकला. पण गंमत ऐका. "गॅस" हा शब्दच या माणसानं तयार केला. कोळसा जाळल्यावर जी न दिसणारी वाफ निघते तिला त्यानं नाव दिलं. तोच आपला कार्बन डायऑक्साइड, आणि झाडाचं सुकं वजन मुख्यतः त्यातूनच येतं. उत्तर खिशात होतं आणि बाबाजी कुंडीत शोधत बसले!

याच हेलमाँटचं म्हणणं होतं की शरीरात एक "आर्किअस" असतो. आतला कारभारीच म्हणा. शब्द मुळात त्याच्या आधीच्या पॅरासेल्ससचा. १५२७ मध्ये बाझेल शहरात इब्न सिना या जुन्या पर्शियन वैद्याचा ग्रंथ जाहीरपणे होळीत टाकणारा तो भांडखोर वैद्य. हेलमाँट म्हणे, हा कारभारी जठरात बसून अन्न आंबवतो, पचवतो, शरीराचं शरीरपण सांभाळतो. तो बिथरला की आजार. एकीकडं तराजू घेऊन बसलेला काटेकोर प्रयोगी आणि दुसरीकडं अदृश्य कारभारी, दोन्ही एकाच डोक्यात. आजच्या चष्म्यातून हे विचित्र वाटतं. त्याला वाटत नव्हतं.

पुढं जर्मनीत गेऑर्ग एर्न्स्ट श्टाल नावाच्या वैद्यानं एक प्रश्न विचारला, तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात दमदार प्रश्न वाटतो. मांस दोन दिवस उघडं ठेवलं तर नासतं. आपण सत्तर वर्षं त्याच मांसाचे आहोत, मग आपण का नासत नाही? देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या काळापासून शरीर म्हणजे यंत्र अशी हवा होती. श्टाल म्हणाला, यंत्र स्वतःला दुरुस्त करत नाही. म्हणून आत्मा, त्याच्या भाषेत "अनिमा", शरीराला नासू देत नाही. उत्तर पटो न पटो, प्रश्न बिनतोड आहे.

[पाणी पिते. दादा, वारा येतोय का रे आवाजात? चालेल.]

आता साबुदाण्याच्या गोळ्या. सातारा-सांगलीत घरटी एक तरी माणूस असतो ज्याचा होमिओपॅथीवर विश्वास आहे, आणि एक असतो ज्याचा मुळीच नाही. बहुधा ते नवरा-बायको असतात.

साम्युएल हानेमान, जन्म १७५५, माइसेन. रीतसर शिकलेला डॉक्टर. त्या वेळचे उपचार म्हणजे शिरा कापून रक्त काढणं, पारा देणं, जुलाब, वांत्या. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात घसा धरल्यानं आजारी पडला, तर एका दिवसात त्याचं चार वेळा रक्त काढलं, आणि त्याच रात्री तो गेला. असले उपचार बघून वैतागलेल्या हानेमाननं त्याच्या बरंच आधी प्रॅक्टिस सोडली होती आणि तो भाषांतरं करून पोट भरायला लागला होता. १७९० मध्ये कलेन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरच्या औषधांवरच्या ग्रंथाचं भाषांतर करताना त्यानं सिंकोनाची साल स्वतःच खाऊन बघितली. क्विनाईन येतं ते हेच झाड. त्याला हिवतापासारखी लक्षणं जाणवली. त्यावरून सूत्र निघालं की सारखं सारख्याला बरं करतं. १८१० मध्ये त्याचा "ऑर्गेनॉन" आला.

पण मला सूत्रापेक्षा त्याचा एक शब्द महत्त्वाचा वाटतो. आजार म्हणजे जीवनशक्तीचं बिघडणं, असं तो म्हणतो, आणि त्यासाठी जर्मन शब्द वापरतो "फेरश्टिमुंग". वाद्य सुरातून उतरणं. मिरजेत सतारमेकर गल्लीत कधी गेला असाल तर हे दुसऱ्या कुणी समजावायला नको. तंबोऱ्याला लाकूड तेच, तारा त्याच, भोपळा तोच. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची जवारी बिघडली की तंबोरा बोलत नाही. तुकडे करून बघितलं तर एकही तुकडा खराब निघणार नाही. रिपोर्ट नॉर्मल!

उपमा इतकी सुंदर आहे की माणूस तिच्यात अडकतो. मी अडकले होते. पण कारागीर जवारी लावतो तेव्हा कानशीनं खरोखर काहीतरी घासतो. हानेमानच्या औषधात काय उरतं? एक थेंब औषध, नव्याण्णव थेंब अल्कोहोल, झटके द्यायचे. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णवात. असं बारा वेळा केलं की मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची खात्री नाही, आणि दुकानात सर्रास मिळतं ते तीस वेळा केलेलं. माझं मत सांगते, नाही पटलं तर सोडून द्या. हानेमानचे रुग्ण तगले याचं मोठं कारण, तो त्यांचं रक्त काढत नव्हता. तास-तासभर बोलायचा, सगळं लिहून घ्यायचा, नीट जेवा, हवेशीर राहा म्हणायचा. त्या काळात "काही न करणं" हाच मोठा उपचार होता. आज तसं नाही, म्हणून शुगरची, बीपीची चालू गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. माझ्याही नाही.

आता युरिया. होय, तोच, पोत्यातला, उसाला टाकतो तो. तेव्हा समज असा की सजीवांच्या शरीरात तयार होणारे पदार्थ जीवनशक्तीशिवाय बनूच शकत नाहीत. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्योलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि आपल्या गुरूंना, बेर्झेलियसना, कळवलं की मूत्रपिंडाशिवाय मी युरिया तयार करू शकतो. शाळेत सांगतात की त्या दिवशी चैतन्यवाद मेला. छे! एवढ्यानं कुठं मरतो. पुढं पाश्चरसारखा माणूससुद्धा म्हणत होता की आंबवणं हे जिवंत पेशीचंच काम. १८९७ मध्ये एदुआर्द बुख्नरनं यीस्ट वाळूत घोटून त्याचा नुसता रस काढला, आणि एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबली. हेलमाँटचा जठरातला कारभारी अखेर रसायन निघाला. त्याला आपण एन्झाइम म्हणतो.

पण शब्द चिवट असतात. १९१२ मध्ये काझिमिर फुंकनं अन्नातल्या काही सूक्ष्म घटकांना नाव दिलं "व्हिटामिन". लॅटिन "विटा" म्हणजे जीवन. चैतन्यवाद ज्यांनी पुसला त्यांच्याच औषधांच्या कपाटात तो नाव बदलून बसलाय.

तर आजी. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तिच्या गळ्यातली माळ बघितली आणि विचारलं, "आज्जी, दूध-दही घेता का?" आजी माळकरी, आणि दूध पचत नाही म्हणून तेही सोडलेलं. मग बी-१२ तपासलं, मांस-अंडी-दुधातून मिळणारं व्हिटामिन. आधीच्या तपासण्यांत ते नव्हतंच. तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली, दोन-तीन महिन्यांत तुळशीला पाणी सुरू. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आजी, तुझा जीव म्हणजे कोबाल्ट असलेला एक रेणू होता." ती म्हणाली, "असंल. पण माळ बघून तिनं विचारलं, ते कुठल्या रेणूनं?"

[कॅमेरा गावाकडं फिरतो.]

आता औंध. हे संस्थान होतं, आणि त्याचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. वरचं संग्रहालय त्यांचंच. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या पहिलवानाची पद्धत धरली होती. दहा वर्षं उपकरणं ओढली. मग मिरजेच्या पटवर्धन राजांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडं वळले आणि त्याचे अक्षरशः प्रचारक झाले. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे. १९२८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आज जगभर योगवर्गात जे नमस्कार घालतात, ते घराघरांत नेण्यात या छोट्या गावाचा मोठा हात आहे. नमस्कार घालताना ह्रां, ह्रीं ही बीजाक्षरं म्हटल्यानं अमुक अवयवाला कंप मिळतो, हे त्यांचं म्हणणं मी बाजूला ठेवते. पण व्यायाम, श्वास, आहार आणि मन एकत्र बांधायचं, ही दृष्टी इथं नवी नव्हती. सुश्रुतानं निरोगी माणसाची व्याख्या करताना दोष, अग्नी, धातू, मल यांच्यानंतर "प्रसन्नात्मेन्द्रियमनाः" जोडलंय. मन प्रसन्न नसेल तर तुम्ही स्वस्थ नाही, संपलं.

इथून पाचगणी आपल्याच जिल्ह्यात. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर १९४४ च्या जुलैत गांधीजी प्रकृती सुधारायला तिथं होते. ते दक्षिण आफ्रिकेत असतानाच लुई कूने आणि आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तकं वाचून पोटावर ओल्या मातीच्या पट्ट्या बांधत होते. १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, ते आजही चालू आहे.

आणि आता साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी वाचलेला तो फलक, "होलिस्टिक हीलिंग", ज्यामुळं हा व्हिडिओ करायचं डोक्यात आलं. हा शब्द कुणी तयार केला? वैद्यानं नाही, साधूनं नाही. यान स्मट्स. दक्षिण आफ्रिकेचा सेनापती आणि पुढं पंतप्रधान. १९२६ च्या त्याच्या पुस्तकात "होलिझम" पहिल्यांदा आला: निसर्ग तुकड्यांतून पूर्ण गोष्टी घडवत जातो आणि ती पूर्ण गोष्ट तुकड्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असते. योगायोग बघा, त्याच १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनननं "होमिओस्टॅसिस" हा शब्द काढला. अंगाचं तापमान, साखर, पाणी, मीठ हे शरीर आपलं आपण कसं तोलून धरतं, त्याचं मोजता येणारं शास्त्र. श्टालच्या प्रश्नाला पहिल्यांदा धड उत्तर मिळालं ते या वाटेनं.

पण स्मट्स म्हणजे कोण? ज्याच्या सरकारनं गांधीजींना तुरुंगात टाकलं तोच. गांधीजींनी तुरुंगात चपला शिवल्या आणि १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना एक जोड त्याला भेट दिला. स्मट्सनं तो कितीतरी उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला, परत पाठवला. सगळ्याला एकसंध बघणारा हा माणूस आपल्या देशातल्या काळ्या लोकांना मात्र वेगळं ठेवण्याच्याच बाजूचा होता. हे त्या फलकावर मावणार नाही, मला माहितीये.

चला, ऊन चढायच्या आत मूळपीठ गाठायचंय. दादा म्हणतोय वर बारा नमस्कार घालून दाखव. आधी पायऱ्या तर चढू दे.