पीस जरा गार होऊ दे

नमस्कार मंडळी, मी गेली 14 वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला काम करतेय. आज मला मेंटॉरिंगवर बोलायचंय. शब्द नवा वाटतो, पण आपण म्हणतो ना, अमक्याच्या हाताखाली तयार झाला, तेच हे.

डिप्लोमा करून निफाडहून आले तेव्हा मी 21 वर्षांची, शॉपवर मी एकटीच मुलगी. दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडून एक घोळ झाला. 50 मिलिमीटर डायमीटरचे स्टीलचे शाफ्ट होते, वरची लिमिट 50.01. मी डिजिटल मायक्रोमीटर लावला तर रीडिंग 50.018 आलं, दुसऱ्या पीसला तसंच, तिसऱ्यालाही तसंच, मग मी सगळ्या ट्रेला लाल टॅग, म्हणजे रिजेक्टचा, लावून टाकला. सुपरवायझर आले आणि सगळ्यांसमोर असे ओरडले की मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि संध्याकाळी पप्पांना फोन करून सांगितलं की मला नाही जमणार हे, मी परत येते.

आमच्याकडे एक सेटर काका होते, म्हणजे मशीनला टूल आणि माप लावून देणारे, रिटायरमेंटला 5-6 वर्षं राहिलेली. ते दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले. काल काय झालं वगैरे काहीच विचारलं नाही. मशीनवरून नुकताच उतरलेला एक पीस माझ्या हातात दिला, म्हणाले मोज. 50.018. मग तो ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवला आणि म्हणाले, चल चहा घेऊन येऊ. चहा घेऊन आलो, गप्पा झाल्या, परत मोजला तर 50.006! मी बघतच राहिले. काका म्हणाले, आता हे का उतरलं ते तू मला उद्या सांग.

मी रात्री पुस्तक काढून बसले. स्टील तापलं की फुगतं, हे शाळेपासून माहीत होतं हो, पण 50 मिलिमीटरचा पीस 20 डिग्रीने जास्त गरम असेल तर साधारण 11-12 मायक्रॉन, म्हणजे 0.011-0.012 मिलिमीटर, वाढतो, हे मी त्या रात्री पहिल्यांदा कागदावर मांडून बघितलं. मापं 20 डिग्रीला धरायची असतात, हा नियम मी परीक्षेत लिहून मार्कसुद्धा घेतले होते! काकांनी तिथल्या तिथे उत्तर सांगितलं असतं तर आठवड्यात विसरले असते. त्यांनी मला एक रात्र दिली, आणि ही पोरगी शोधून काढेल असा भरवसा दाखवला, मला वाटतं त्या भरवशावरच मी टिकले. पप्पांना परत फोन केला, येत नाही म्हणून.

आपल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत बघा. 2010 ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला सिल्व्हर. पाय तिचेच आणि मेहनतही तिचीच, पण कोच विजेंदर सिंग यांचं नाव घेतल्याशिवाय तिची गोष्ट पूर्ण होत नाही. अंगात दम असला तरी तो कुठे लावायचा आणि कुठे राखायचा हे बाहेरून बघणाऱ्यालाच नीट दिसतं.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन, मेंटॉर शक्यतो आपला बॉस नसावा. बॉसच्या हातात आपलं अप्रेझल असतं, त्यामुळे त्याच्यासमोर आपण येत नसलेलं लपवतो, मान डोलावतो, हो सर म्हणतो. काकांना मी काहीही विचारू शकायचे. लग्नानंतर नोकरी सोडू का हेसुद्धा त्यांनाच विचारलं होतं. ते एवढंच म्हणाले, सोडावी असं तुला वाटतंय, की घरच्यांना? मग मी आणि माझा नवरा बसून बोललो, आणि बोलल्यावर कळलं की सोडावी असं घरात कुणीच म्हटलेलं नव्हतं, मीच मनाने ठरवून बसले होते.

आणि हे एकाच बाजूने चालत नाही बरं का. काकांना एक्सेल मी शिकवलं. टूल किती पीसला बदललं हे ते वहीत लिहायचे, ते आम्ही शीटमध्ये टाकलं, ग्राफ काढला, तर टूल कुठे झिजायला लागतं ते स्पष्ट दिसलं. इतकी वर्षं जे हाताला कळत होतं ते डोळ्यांना दिसलं म्हणून काका इतके खूश झाले की अख्ख्या शिफ्टला वडापाव दिला.

नवीन मुलामुलींनो, कुणाला जाऊन माझे मेंटॉर व्हा असं म्हणू नका, समोरचा बिचकतो. एक नेमका प्रश्न घेऊन जा, आज हे रीडिंग असं का आलं, पंधरा मिनिटं द्याल का. सांगितलेलं करून बघा आणि काय झालं ते परत जाऊन सांगा, हे परत जाऊन सांगणं बहुतेक जण विसरतात आणि तिथेच धागा तुटतो.

आणि सिडकोत, अशोकनगरला, कामटवाड्यात सकाळी फिरायला जाणारे माझे काका-मावशी, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी सातपूर-अंबडला 30-30 वर्षं काढलीत. नुसता आवाज ऐकून टूल गेलंय हे ओळखणारे कान आहेत तुमचे. तुमच्या बिल्डिंगमध्ये आयटीआयला जाणारा एखादा मुलगा असेलच. त्याला आज संध्याकाळी हाक मारा, आणि काय शिकतोयस रे, एवढंच विचारा.