धुराला वळण

(दृश्य: करवतीने मधोमध कापलेला एक्झॉस्टचा डबा. कॅमेरा हळूहळू आतल्या जाळीजवळ जातो.)

डिझेल इंजिनच्या एक्झॉस्टमधला हा डबा, म्हणजे धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बाहेरून सायलेन्सरचाच भाऊ वाटतो. कापला की आत निघतं मधमाश्यांचं पोळं. फरक इतकाच, की इथली भोकं चौकोनी आहेत, आणि एका टोकाला डोळा लावला तर पलीकडचा उजेड दिसतो.

हे पोळं कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचं, म्हणजे भाजलेल्या मातीसारख्या पदार्थाचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, पेट्रोल गाड्यांसाठी, कॉर्निंग कंपनीत ते घडलं. ओला लगदा ज्यातून दाबून काढायचा तो साचा रॉडनी बॅगली यांचा. तापून-निवूनही तडकणार नाही असं मिश्रण अर्विन लॅचमन आणि रोनाल्ड लुईस यांचं. एका चौरस इंचात ४०० वाहिन्या ही त्याची नेहमीची घडण. लिटरभर जागेत भिंतींचं क्षेत्रफळ भरतं अडीच चौरस मीटरहून जास्त. त्या भिंतींवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) सच्छिद्र लेप, आणि लेपात प्लॅटिनम-पॅलेडियमचे कण. हेच उत्प्रेरक: विषारी वायू बदलतात ते यांना शिवल्यावर.

सगळं कौतुक प्लॅटिनमच्या वाट्याला जातं. पण ते ज्यावर बसलंय त्या आकाराकडे बघा.

(दृश्य: ॲनिमेशन. एकाच वाहिनीतून जाणारा वायू.)

एवढ्या अरुंद वाहिनीत वायू उसळत नाही, थरांनी शांत सरकतो. मधल्या थरातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूला भिंत गाठायची, तर विसरणानं, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यानं, रांगत जावं लागतं. वेग वाढला की कित्येक रेणू भिंतीला न शिवताच बाहेर पडतात. सरळपणा हाच या आकाराचा गुण, कारण इंजिनला धूर ढकलायला फारसा जोर लागत नाही. आणि तोच त्याचा दोषही.

मग धुराला वळण कसं लावायचं?

एक वाट धातूची. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. एक सपाट, एक नागमोडी, असे दोन पत्रे एकत्र गुंडाळायचे. भिंती पातळ, म्हणून वाट मोकळी. शिवाय पत्र्याला भोकं पाडता येतात, पाती वाकवता येतात. मग वायू एका वाहिनीतून शेजारच्या वाहिनीत घुसतो आणि त्याची घडी दर वेळी मोडते. सिरॅमिकच्या सरळ नळीत हे जमत नाही.

काजळीसाठी वेगळीच शक्कल. वाहिन्यांची तोंडं आलटून पालटून बुजवायची: ही पुढून बंद, शेजारची मागून. धुराला भिंतीतूनच झिरपावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. आता आरपार उजेड दिसत नाही. नुसत्या ऑक्सिजननं ती काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात, आणि डिझेलचा धूर एरवी इतका तापत नाही. म्हणून या गाळणीच्या आधी बसवलेल्या उत्प्रेरकात नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड करून घेतात. त्याच्या जोरावर काजळी २५०-३०० अंशांपासूनच जळू लागते. इंजिन ऑइलची राख मात्र जळत नाही. ती साचतच जाते.

(दृश्य: सिरॅमिक फोमचा तुकडा, स्पंजासारखा.)

फोमवर माझा जीव आहे, हे कबूल करतो. यात सरळ वाट अशी नाहीच. वायू काड्यांना आपटत, फुटत, मिसळत जातो. पण प्रत्येक आपटण्याची किंमत इंजिन मोजतं: मागचा दाब वाढतो, इंधन जास्त लागतं. आणि गाळणी म्हणून वापरला, तर पकडलेली काजळी जोराच्या झोतात पुन्हा सुटू शकते.

आता थ्रीडी प्रिंटरनं काड्यांची दिशा, जाडी, अंतर आपल्या मनाप्रमाणे ठरवता येतं. आपटणं नको तिथे टाळायचं, हवं तिथे ठेवायचं. कागदावर फार देखणं. अडतं ते लेप देताना. ॲल्युमिनाचं पातळ कालवण आत ओतलं, की काड्यांच्या सांध्यांत ते थबकतं आणि वाळून बारीक वाटा बुजवतं.

(दृश्य: लेप दिलेलं सरळ पोळं. हवेचा झोत.)

इथे मात्र जास्तीचं कालवण एका झोतात बाहेर.