रात्रीच्या विजेचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात रात्री अकरालाही भिंतींतून धग मारते. घरोघरी कूलर चालू असतात आणि पूर्व भागात टॉवेल-चादरींचे माग खडखडत असतात. त्या वेळी छतावरचं सोलर बंद असतं. तारेतून येते ती बहुतेक कोळशाचीच वीज.

ऑगस्ट 2022 मध्ये भारताने जगाला शब्द दिला, की 2030 पर्यंत देशातली निम्मी वीजनिर्मिती क्षमता कोळसा, वायू, डिझेल न जाळणारी असेल. तो टप्पा आपण 2025 मध्येच गाठला. अभिमान वाटावा असंच हे काम आहे. पण क्षमता वेगळी आणि हाती येणारी वीज वेगळी. वर्षभरात तयार होणाऱ्या विजेत साधारण सत्तर टक्के वाटा अजून कोळशाचा आहे.

म्हणून माझ्या मते धोरणाचा खरा कस लागतो तो दिवसाची वीज रात्रीसाठी साठवण्यात. केंद्राने 2023 मध्ये 4,000 मेगावॉट-तास बॅटरी साठवणुकीला आर्थिक मदत मंजूर केली. एक मेगावॉट-तास म्हणजे एक मेगावॉटचा प्रकल्प तासाभरात देतो तेवढी वीज. आपल्या सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा, एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा कोळशाचा प्रकल्प 1,320 मेगावॉटचा. तो पूर्ण क्षमतेने चालला, तर एवढी वीज तीन तासांत तयार करतो! 2025 मध्ये आणखी 30,000 मेगावॉट-तासांना मंजुरी मिळाली. दोन्ही मिळून या एका प्रकल्पाची जेमतेम दिवसभराची वीज होते, आणि असे कोळशाचे प्रकल्प देशात कितीतरी आहेत. पाऊल योग्य दिशेने पडलंय, पण फार छोटं आहे.

दुसरा उपाय दराचा. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार, ऊन असतानाच्या तासांत वीज स्वस्त आणि मागणी चढते तेव्हा महाग. 10 किलोवॉटपासून पुढच्या उद्योगांसाठी हे 1 एप्रिल 2024 पासून ठरलं. कारखानदारांनो, आपलं बिल या नजरेने एकदा जरूर तपासा. पण स्वस्त विजेसाठी भर दुपारी, पत्र्याखाली, त्रेचाळीस अंशांत कामगाराला मागावर उभं करायचं का? मला ते मान्य नाही. दुपारची वीज रात्रपाळीपर्यंत पोचवायची जबाबदारी धोरणाची आहे. दिल्लीने पुढचं उद्दिष्ट ठरवताना नुसते मेगावॉट मोजू नयेत; संध्याकाळी सातनंतर कोळशाविना किती युनिट मिळाले, तो आकडा दरवर्षी जाहीर करावा.

नमस्कार.