छौछोंग म्हणजे काय?

श्रोतेहो, नमस्कार. आज जरा चिनी शिकू या. वही-पेन नको, कान उघडे ठेवलेत तरी पुष्कळ.

१९५२ साली चीनमध्ये देशभर स्वच्छतेची मोहीम सुरू झाली आणि भिंतीभिंतींवर पोस्टरं लागली. माश्या मारा, हात धुवा, पाणी उकळून प्या. वाचणाऱ्यांत नवसाक्षर खूप, म्हणून अक्षरं ठसठशीत, मजकूर मोजका आणि सोबत चित्र. भाषा शिकायला बसलेल्याला आणखी काय हवं? ‘मी विद्यार्थी आहे, हे टेबल आहे’ असली वाक्यं घोकून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि उकळलेल्या पाण्याचं म्हणाल, तर तिथं अजून भर उन्हाळ्यात थर्मासातलं गरम पाणी पितात. फ्रिजमधली बाटली थेट तोंडाला लावणाऱ्यांनी ऐकून ठेवा. असो.

मी बीजिंगला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. चिनीत शिक्षकाला म्हणतात लाओशी आणि उंदराला लाओशू. शी आणि शू. पहिल्याच आठवड्यात मी बाईंना भर वर्गात उंदीर म्हणून बसलो होतो. त्यामुळे त्या एक दिवस दोन पोस्टरं घेऊन आल्या आणि पहिल्यावर ठळक उंदीर दिसला, तेव्हा अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला.

ते पोस्टर १९५८ च्या मोहिमेचं. वर तीन अक्षरं. छू, स, हाय. छू म्हणजे घालवा, स म्हणजे चार, हाय म्हणजे उपद्रव. छू स हाय, चार उपद्रव घालवा. कोणते चार? उंदीर, माशी, डास आणि चिमणी. हो, चिमणी! दाणे खाते म्हणून. लोक थाळ्या-पातेली बडवून तिला कुठं टेकूच देत नसत. उडून उडून दमलेल्या चिमण्या आभाळातून टपाटप पडायच्या.

दुसरं पोस्टर त्यानंतरचं. अक्षरं तीच, छू स हाय. बाई म्हणाल्या, फरक शोधा. उंदीर आहे, माशी आहे, डास आहे. चिमणी गायब! चिमणी किडेही खाते हे ध्यानात आलं आणि १९६० साली तिला यादीतून काढलं. तिच्या जागी एक चपटा, तांबूस किडा. कुणी म्हणालं झुरळ, कुणी म्हणालं गोचीड.

बाईंनी फळ्यावर दोन अक्षरं काढली. पहिल्यात वरच्या बाजूला जे चिन्ह, ते मुळात नाकाचं चित्र. खाली कुत्रा. वर नाक, खाली कुत्रा. काय झालं? वास! छौ म्हणजे घाण वास. दुसरं अक्षर छोंग, म्हणजे किडा. छौछोंग. चपटा, तांबडा, वास मारणारा किडा...

मी बाकावरून ओरडलो, “ढेकूण!” चक्क मराठीत. आमच्या चाळीतल्या लोखंडी खाटा, गच्चीवर उन्हात टाकलेल्या गाद्या, सगळं डोळ्यांपुढं आलं. बाईंना काही कळेना. मग मी चिमटीत काहीतरी चिरडल्यासारखं केलं आणि नाक मुरडलं. त्या खो-खो हसल्या आणि म्हणाल्या, “त्वे, त्वे!” बरोबर, बरोबर! बाईंना मी उंदीर म्हटलं होतं, त्याची परतफेड झाली. पुढचं सबंध सत्र वर्गात माझं नाव ढेकूण. कोरियन पोरं ‘दे-कुन’ म्हणायची.

वेळ संपत आली, तेव्हा झटपट सांगतो. डास म्हणजे वन. त्याच्या अक्षरात डावीकडे आपला छोंग, किडा. उजवीकडचा भाग नुसता उच्चार सांगतो, वन. डावीकडे किडा, उजवीकडे उच्चार. माशीच्या अक्षरातही डावीकडे तोच छोंग. उंदराला मात्र स्वतःचं स्वतंत्र अक्षर, तब्बल १३ रेघांचं. ते मला अजून एका दमात लिहिता येत नाही.