गॅलरीतल्या कुंड्या आणि महिन्याचे पन्नास रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घराला अंगण नाही, पण चार-सहा फुटांच्या गॅलरीत दहा-बारा कुंड्या मांडून त्यांत तुळस, कढीपत्ता, पुदिना, मिरची आणि एखादा टोमॅटो वाढवण्याची हौस आहे, आणि ज्यांच्या महिन्याच्या हिशेबात या हौसेसाठी पन्नास रुपयांहून अधिक बाजूला काढता येत नाहीत, अशा श्रोत्यांशी मला आज बोलायचे आहे. रोपवाटिकेत छोट्या पिशव्यांमधून मिळणारे गांडूळखत चांगलेच असते. पण बारा कुंड्यांना ते दरमहा विकत आणून घालायचे म्हटले, तर मिरच्या मंडईतून आणणेच स्वस्त पडेल.

कुंडीला खत वारंवार का लागते, हे आधी समजून घ्यायला हवे. जमिनीतल्या झाडाची मुळे अन्न शोधत दूरवर जातात, कुंडीतल्या झाडाला ती मुभा नसते. शिवाय आपण पाणी घालतो तेव्हा मातीत विरघळलेले अन्न, विशेषतः नत्र म्हणजे नायट्रोजन, तळाच्या भोकातून वाहून जाते. म्हणून पाणी बेताने घालणे ही खताची पहिली बचत आहे. कुंडीखाली ताटली ठेवावी आणि तिच्यात उतरलेले पाणी त्याच दिवशी पुन्हा कुंडीत ओतावे. ते तसेच साठू दिले, तर त्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला असेल, तर मात्र क्षार साठले आहेत असे समजून ते पाणी टाकून द्यावे.

आता खताकडे वळू. ज्याला एक पैसाही पडत नाही आणि जे कुंडीला सर्वाधिक मानवते, ते म्हणजे स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वाळलेला पालापाचोळा यांचे कंपोस्ट. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली रंगाऱ्याकडून सहज मिळते. ती स्वच्छ धुऊन, तळाला आणि बाजूंना तापवलेल्या खिळ्याने वीस-पंचवीस भोके पाडावीत आणि हवा खेळावी म्हणून बादली विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवावी. तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरून त्यावर भाज्यांची देठे, साली आणि चहाचा चोथा टाकावा. चहा दूध-साखरेचा असेल, तर चोथा आधी पाण्याने धुऊन घ्यावा. एक वाटी ओला कचरा पडला की त्यावर दोन वाट्या चुरडलेला सुका पाला पडलाच पाहिजे, हा नियम मोडू नये.

तो मी मोडला होता. पहिल्या वेळी पाला आणण्याचा कंटाळा केला आणि नुसत्या भाज्यांच्या सालींनी बादली भरली. दहा दिवसांत तिच्यात चिकट लगदा झाला, त्यात अळ्या पडल्या आणि शेजारच्या काकूंना त्या वासाने आपली खिडकी बंद ठेवावी लागली. सुका पाला ओल शोषतो, थरांमध्ये हवा राखतो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब म्हणजे कार्बन पुरवतो; तो नसला की हवेविना सडण सुरू होते. आमच्या सोसायटीतला झाडलोट करणारा माणूस रोज पोतेभर पाला गोळा करतो आणि तो कचऱ्याच्या गाडीत जातो. त्याला सांगून ठेवले, आणि तेव्हापासून गॅलरीच्या कोपऱ्यात पाल्याचे एक पोते कायम असते.

पाला मिळत नसेल, तर रसवंतीगृहातले उसाचे चिपाड चालते. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी गच्चीवर भाज्या पिकवताना या चिपाडाचा मोठा उपयोग करून दाखवला होता. चिपाडात उरलेल्या गोडव्यामुळे मुंग्या लागतात, म्हणून ते एक रात्र पाण्यात भिजवावे, बारीक तोडावे आणि मगच वापरावे. ते कुजायला पाल्यापेक्षा जास्त वेळ घेते, पण माती फार छान भुसभुशीत करते.

बादलीत विरजण म्हणून मूठभर जुने कंपोस्ट किंवा अर्धी वाटी आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडावे आणि आठवड्यातून एकदा सगळे वरखाली करावे. मिश्रण मुठीत दाबले असता ओल जाणवावी, पण थेंब गळू नये. शिजवलेले, तेलकट आणि खारट अन्न बादलीत टाकू नये. बादली भरल्यावर दोन ते तीन महिन्यांत आतला माल काळसर, मोकळा आणि ओल्या मातीच्या वासाचा होतो. तो तयार झाला की नाही, याची खात्री करण्यासाठी थोड्याशा कंपोस्टमध्ये मेथीचे दहा-बारा दाणे पेरावेत. चार-पाच दिवसांत बहुतेक दाणे उगवले, तर खत वापरायला हरकत नाही. कच्च्या खतात कोंब करपतात. दहा-बारा इंची कुंडीला महिन्याला एक ओंजळ पुरते. मात्र वरची माती बोटभर उकरून ते तिच्यात मिसळावे, नुसते वर पसरू नये.

केळ्याच्या साली पाण्यात दोन दिवस भिजवून ते पाणी झाडांना घालण्याची रीत सध्या घरोघरी दिसते. त्या पाण्यात थोडासा पालाश, म्हणजे पोटॅशियम, उतरतो, हे खरे. पण सालीतले बहुतेक अन्न ती कुजल्यावरच सुटते, तेव्हा साल बारीक चिरून बादलीत टाकणे अधिक शहाणपणाचे. अंड्याच्या कवचांचेही तेच आहे. ती वाळवून अगदी पिठासारखी कुटली, तरच त्यांतला कॅल्शियम हळूहळू मातीत येतो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी खुशाल घालावे, ते खत म्हणून फारसे नसले तरी पाणी तर वाचते.

पन्नास रुपये कशावर खर्च करावेत, असे कोणी विचारले तर मी निःसंकोचपणे पेंडीचे नाव घेईन. तेलाच्या घाण्यावर शेंगदाण्याची पेंड सुटी मिळते आणि तिच्यात सुमारे सात टक्के नत्र असते. मूठभर, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम पेंड अर्धा लिटर पाण्यात तीन दिवस झाकून भिजवावी, नंतर ते पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक कुंडीला पेलाभर द्यावे. याचा वास उग्र असतो, म्हणून हे काम सकाळी लवकर उरकावे. पेंडीचा गाळ मातीखाली पुरताना त्यात थोडी निंबोळी पेंड मिसळली, तर मुंग्या आणि किडे आवरतात.

येथे एक प्रश्न हमखास येतो. अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते आणि त्यात ४६ टक्के नत्र असते, मग पेंडीचा खटाटोप कशासाठी? युरिया विषारी आहे असे मी म्हणणार नाही. पण ते अनुदान शेतकऱ्यांसाठी आहे, आणि कुंडीतल्या मूठभर मातीत चमचाभर युरियानेही मुळे करपू शकतात. जे उरते ते दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि मातीचा पोत होता तसाच राहतो. घरात थोडा युरिया असलाच, तर एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच घ्यावा आणि तोही मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांना द्यावा. मिरची-टोमॅटोला नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार दिसते, पण त्याला फुले धरत नाहीत.

फुलाफळांच्या झाडांना पालाश हवा असतो आणि तो लाकडाच्या राखेत भरपूर मिळतो. लाकडी कोळसा वापरणाऱ्या इस्त्रीवाल्याकडून राख मागून आणावी, दगडी कोळशाची राख मात्र घेऊ नये. महिन्याला कुंडीमागे एक चहाचा चमचा राख पुरे, कारण तिने माती अल्कधर्मी होते. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोहाची कमतरता असते, आणि अशा कुंडीत राख घातल्यास ती आणखी वाढते.

जोरदार पावसाच्या दिवसांत उघड्या गॅलरीतल्या कुंड्यांना खत हात राखून द्यावे, कारण घातलेले सारे वाहून जाते. कंपोस्टची बादली तेवढी झाकून आडोशाला ठेवावी. ज्येष्ठात भरलेली बादली भाद्रपदाच्या सुमारास तयार होते आणि तेव्हाच घरात गणपतीच्या दूर्वा, फुले आणि पत्री यांचे निर्माल्य जमू लागते. हारांचे दोरे आणि प्लॅस्टिकच्या जरी काढून टाकल्या, की त्या निर्माल्यापासून दुसरी बादली भरायला घेता येते.