अठरावं लागलं आणि अठरा पूर्ण झाली

नमस्कार श्रोतेहो.

बारावीची परीक्षा संपली की आपल्या नाशकात घरोघरी लायसन्सचा विषय निघतो. आमच्याकडे तो वर्षभर आधीच निघाला. वाढदिवसाच्या दिवशी लेक म्हणाली, "आई, मला अठरावं लागलं. आता लायसन्स!" अठरावं लागणं वेगळं आणि अठरा पूर्ण होणं वेगळं, हे तिला समजावताना मला जड गेलं, कारण कॉलेज रोडवर तिच्या मैत्रिणी बिनधास्त स्कूटर फिरवत होत्या.

सोळाव्या वर्षी चालतं की, असं पुष्कळ पालक म्हणतात. सोळा पूर्ण झाल्यावर लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या पार्किंगमधली स्कूटर मात्र ११० किंवा १२५ सीसीची असते. अल्पवयीन मुलाच्या हाती ती दिली, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आम्ही वर्षभर थांबलो. मग कारचं लर्निंग लायसन्स काढलं. आधार कार्डावरून त्याची परीक्षा आता घरबसल्या देता येते. पालकांना हात जोडून सांगते, शेजारी बसून उत्तरं सांगू नका. समोरच्या पाटीचा अर्थ रस्त्यावर तिला एकटीलाच ओळखायचा आहे.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. हे तीस दिवस मला फार मोलाचे वाटतात. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावून आम्ही पहाटे गंगापूर रोडला निघायचो. पक्कं लायसन्स असलेलं माणूस शेजारी हवंच, म्हणून मी बसायचे. सपाट रस्त्यावर ती चार दिवसांत तयार झाली. तिला रडवलं ते चढाने. गोदाकाठावरून वर येताना गाडी थांबवावी लागली, मागे रिक्षा, आणि तिने क्लच झटकन सोडला. गाडी आचका देऊन बंद पडली आणि मागे सरकू लागली. मी हँडब्रेक ओढला. रिक्षावाले दादा शांतपणे थांबून राहिले, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते.

मग आठवडाभर आम्ही फक्त चढच केला. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच इंचाइंचाने वर. इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचं नाक किंचित उचलतं, पायाखाली थरथर लागते. तिथेच पाय धरायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक खाली. ती थरथर पायाला एकदा कळली की कळली.

पेठ रोडच्या आरटीओत प्रत्यक्ष परीक्षा काही मिनिटांत आटोपली. या वयात मिळालेलं लायसन्स थेट चाळिशीपर्यंत चालतं. काही मिनिटांच्या परीक्षेवर बावीस वर्षं! म्हणून सांगते, महिना झाला म्हणून लगेच तारीख घेऊ नका. पावसात, रात्री, द्वारका चौकातल्या गर्दीत तिच्या शेजारी बसा.

परवा ती पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन पंचवटीत मावशीकडे गेली. अर्धा तास झाला तरी निरोप नाही. मी तिचा नंबर काढला, आणि ती अजून स्टिअरिंगवर असेल म्हणून फोन खाली ठेवला.